अन्यापदेशी आणि उदासीन : लेखकसमूहांतील आत्मप्रसिद्धी व न्याय्य आचार यांचा तौलनिक विचार

लेखकाने आपल्या लेखनाविषयी आपणच किती आणि कसे बोलावे, हा प्रश्न सामान्यतः शिष्टाचाराच्या कक्षेतला मानला जातो. तो सभ्यतेचा प्रश्न आहे, साहित्यविचाराचा नव्हे, अशी समजूत रूढ आहे. आंतरजालावर लेखकांचे समूह निर्माण झाल्यापासून या प्रश्नाचे स्वरूप पालटले आहे. अशा समूहांत लिहिणारा, वाचणारा, अभिप्राय देणारा आणि आपल्या पुस्तकाची जाहिरात करणारा हा बहुधा एकच माणूस असतो. संपादक, प्रकाशक आणि परीक्षक या मधल्या पायऱ्या गळून पडल्यामुळे आत्मप्रसिद्धी हा अपवाद न राहता तेथील दैनंदिन व्यवहार झाला आहे. म्हणूनच अशा समूहांना आचारसंहिता कराव्या लागतात. स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख किती वेळा करावा, परस्परांना अभिप्राय देताना काय पाळावे, टोपणनावाने काय करू नये, असे नियम त्यांत असतात. हे नियम उपयुक्त आहेत. परंतु ते कशाचे रक्षण करतात, याची तात्त्विक मांडणी त्यांत क्वचितच आढळते.

ती मांडणी करण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील एका ग्रंथाकडे वळणे फलदायी ठरते. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ (इ. स. ९००च्या आसपास) हा कवीच्या आचाराचा तपशीलवार विचार करणारा ग्रंथ आहे. प्रस्तुत निबंधात त्यातील ‘अन्यापदेशी’ आणि ‘उदासीन’ या दोन संकल्पनांच्या आधारे आत्मप्रसिद्धीच्या काही पाश्चात्त्य व भारतीय उदाहरणांचा तौलनिक विचार केला आहे.

१. राजशेखराचा कविसमाज

अठरा अधिकरणांचा म्हणून योजलेल्या या ग्रंथातील ‘कविरहस्य’ हे पहिले अधिकरण तेवढे आज उपलब्ध आहे. १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून ते प्रसिद्ध झाले. अलंकार वा रस यांच्या चर्चेपेक्षा कवी कसा घडतो, त्याचा दिवस कसा जातो, त्याने कोणापुढे वाचावे, दुसऱ्याचे शब्द व अर्थ कितपत घ्यावेत, राजाने कविसभा कशी भरवावी, या व्यावहारिक बाबींना त्यात मोठे स्थान आहे. कवी ही एकटी प्रतिभा नसून एका समाजाचा घटक आहे आणि त्या समाजाला रीतिभाती असतात, हे गृहीतक त्यामागे आहे. या अर्थाने ‘काव्यमीमांसा’ हा लेखकसमूहाचा ग्रंथ आहे.

दहाव्या अध्यायातील कविचर्येत आलेल्या सूचना आजच्या वाचकाला विलक्षण परिचित वाटतील. सकाळी रचलेल्या काव्याची परीक्षा दिवसाच्या अखेरच्या भागात एकट्याने किंवा मोजक्या मंडळींत करावी, कारण रचनेच्या आवेशात विवेकाची दृष्टी नसते. नवी रचना एकट्यादुकट्या माणसापुढे वाचू नये. त्याने ती स्वतःची म्हणून सांगितली तर खोडून काढायला साक्षीदार कोठून आणणार? आपल्या कृतीला फार मानू नये, कारण पक्षपातामुळे गुण आणि दोष यांची अदलाबदल होते. गर्वाचा लेशही सर्व संस्कारांचा उच्छेद करतो. म्हणून कृती इतरांकडून तपासून घ्यावी; उदासीन माणसाला जे दिसते ते करणाऱ्याला दिसत नाही.

यातील ‘उदासीन’ हा शब्द मध्यवर्ती आहे. आजच्या मराठीत त्याला खिन्नतेची छटा आली आहे. परंतु येथे त्याचा अर्थ तटस्थ, ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत असा. राजशेखराच्या दृष्टीने आत्मप्रशंसेचा दोष केवळ नैतिक नाही, तो ज्ञानात्मक आहे. कर्त्याचे आपल्या कृतीविषयीचे विधान खोटे असेलच असे नाही. मात्र ते विश्वासार्ह मानण्यास आधार नसतो. कवी आणि भावक एकच असू शकतात काय, या वादाची नोंद करताना त्याने एक मत कालिदासाच्या नावे दिले आहे. सोने एका दगडातून निघते आणि ते पारखणारी कसोटी हा दुसराच दगड असतो, असा त्या मतातील दृष्टान्त आहे. लेखकसमूहांतील सर्व न्याय्य आचाराचे मूळ या दोन दगडांच्या वेगळेपणात शोधता येईल.

२. उघड आत्मप्रशंसा : एक संकेत

येथे एक आक्षेप तत्काळ उपस्थित होतो. गर्वाचा निषेध करणारा हा आचार्य स्वतः नम्र नव्हता. ‘बालरामायण’ या नाटकात पूर्वीचा वाल्मीकी पुढे भर्तृमेण्ठ झाला, नंतर भवभूती झाला आणि तोच आता राजशेखर आहे, अशी परंपरा त्याने स्वतःपर्यंत आणून भिडवली आहे. महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवल्या गेलेल्या अकालजलदाचा तो वंशज. या कुळाचा अभिमान त्याने लपवलेला नाही. ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दहा अवस्था सांगताना ‘महाकवी’च्या वर त्याने ‘कविराज’ ही पायरी ठेवली, असे कविराज जगात थोडेच असतात असेही म्हटले. आणि ‘कविराज’ हे बिरुद तो स्वतःच्या नावाला लावत असे.

हा केवळ दांभिकपणा म्हणून सोडून देता येत नाही. नाटकाच्या प्रस्तावनेत कवीचा परिचय सूत्रधाराच्या तोंडून येतो आणि त्यामागे नाटककारच आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत जुने ते सारे चांगले व नवे ते निंद्य असे नसते, असे सांगून प्रेक्षकाला स्वतः पारख करण्याचे आवाहन केले. दक्षिणापथातील पद्मपूरच्या भवभूतीने ‘मालतीमाधवा’त उपेक्षा करणाऱ्यांना बजावले की हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही, काळ अनंत आहे, पृथ्वी विशाल आहे, कधीतरी आपला समानधर्मा जन्मेल. दोन्ही ठिकाणी कवी स्वतःची बाजू मांडतो आहे; परंतु निकाल देण्याचा अधिकार तो प्रेक्षकाकडे किंवा काळाकडे सोपवतो.

अशा उघड गौरवोक्तीचे संकेत इतर परंपरांतही आढळतात. अरबी काव्यात ‘फख्र’ हा मान्यताप्राप्त प्रकार आहे आणि दहाव्या शतकातील अल् मुतनब्बी हा त्यासाठी प्रसिद्ध आहे. उर्दू गझलेत ‘तअल्ली’ म्हणजे कवीने स्वतःची थोरवी गाणे ही रूढ युक्ती आहे. ती बहुधा मक्त्यात, तखल्लुसाच्या सान्निध्यात येते. कवी ज्या ओळीत स्वतःला वाखाणतो तेथेच आपली सहीही करतो, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

मराठी परंपरेचा कल बराच निराळा आहे. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती स्वतः करणे हे लक्षण आरंभीच येते. ज्ञानेश्वरांनी स्वतःविषयी कमालीचा विनय ठेवला आणि अभिमान वाहिला तो मराठी बोलीचा. संतांची नाममुद्रा ही तअल्लीसारखी मिरवण्याची जागा नव्हे. आपण बोललो याची ती जबाबदारी असते. म्हणूनच तुकोबांच्या गाथेत सालोमालोंविषयी जी तक्रार येते ती गंभीर आहे. दुसऱ्याची वचने मोडून त्यांत आपले नाव घालणारे हे लोक एका ओळीची चोरी करून थांबत नाहीत. कोण बोलले याचा पुरावाच ते नष्ट करतात.

विनयाची परंपरा असो की गौरवोक्तीची, दोहोंत एक अट समान आहे. बोलणारा कोण, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. ते कळले की ऐकणारा आपला वर्तावळा वजा करून घेतो. स्वतःची स्तुती हा त्यामुळे फार तर अभिरुचीचा दोष ठरतो. अन्याय ठरत नाही.

३. वेशांतराच्या दोन दिशा

अन्याय कोठे सुरू होतो, हे पाहण्यासाठी राजशेखराच्या दहा अवस्थांतील आणखी एक अवस्था लक्षात घ्यावी लागते. ‘हृदयकवी’ मनातच रचतो आणि लपवतो. त्याच्या पुढचा ‘अन्यापदेशी’ दोषाच्या भयाने स्वतःचे काव्य दुसऱ्याचे म्हणून वाचून दाखवतो. राजशेखराने याला चोर वा लबाड म्हटलेले नाही. कवीच्या वाढीतील ती एक स्वाभाविक पायरी मानली आहे. असत्य बोलूनही अन्यापदेशी निर्दोष का? कारण त्याचे असत्य ऐकणाऱ्याला उदासीन करते. कवी समोर बसला आहे हे कळले की भीड आड येते; ती दूर करून खरा अभिप्राय मिळवण्यासाठी तो वेष घेतो. यात धोका असलाच तर त्याचा त्यालाच आहे.

आधुनिक काळातही अन्यापदेशी आढळतात. डोरिस लेसिंग यांनी आपल्या ख्यातीवाचून लेखन कसे वाचले जाते हे पाहण्यासाठी जेन सोमर्स या नावाने कादंबरी पाठवली. त्यांच्या नेहमीच्या प्रकाशनसंस्थेने ती नाकारली. १९८३ मध्ये दुसऱ्या संस्थेने ती छापली आणि १९८४ मध्ये लेसिंग यांनी नाव उघड केले. फ्रेंच कादंबरीकार रोमँ गारी यांना १९५६ मध्ये गोंकूर पुरस्कार मिळाला होता. एका लेखकाला तो एकदाच देण्याचा प्रघात असताना १९७५ मध्ये एमिल आझार या नावाने तो त्यांना पुन्हा मिळाला. दुसऱ्या उदाहरणात पुरस्काराचा नियम मोडला गेला; तरीही दोन्ही ठिकाणी वाचकाचा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

याच्या उलट दिशेचे वेशांतर म्हणजे लेखकाने परीक्षकाचा वेष घेणे. अन्यापदेशी कर्तृत्व लपवतो, कारण त्याला कसोटीचा दगड हवा असतो; अनामिक आत्मपरीक्षक परीक्षण करणारा कोण हे लपवतो, कारण सोन्याच्या दगडालाच कसोटी म्हणून चालवायचे असते. कृती दिसायला एकच, लपवणे. मात्र पहिलीने उदासीनाची जागा निर्माण होते, दुसरीने ती बळकावली जाते.

या दुसऱ्या प्रकाराला मोठी परंपरा आहे. वॉल्टर स्कॉट यांच्या ‘टेल्स ऑफ माय लँडलॉर्ड’चे परीक्षण ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’च्या जानेवारी १८१७च्या अंकात निनावी आले. त्याचा बराचसा भाग खुद्द स्कॉट यांचा होता आणि त्यात विल्यम अर्स्किन या मित्राचा हात होता. त्या काळी परीक्षणे निनावीच छापली जात आणि वेव्हर्ली कादंबऱ्यांचे कर्तृत्वही स्कॉट यांनी १८२७ पर्यंत जाहीरपणे मान्य केले नव्हते. निनावीपणाची प्रथा सर्वांनाच लागू असल्यामुळे हा अपराध तेव्हा फारसा टोचला नाही.

वॉल्ट व्हिटमन यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ची १८५५ची पहिली आवृत्ती त्यांनी स्वखर्चाने ब्रुकलिनमधील एका छापखान्यात छापून घेतली, प्रती सुमारे ८०० होत्या. त्याच वर्षी ‘युनायटेड स्टेट्स रिव्ह्यू’, ‘ब्रुकलिन डेली टाइम्स’ आणि ‘अमेरिकन फ्रेनॉलॉजिकल जर्नल’ यांत त्यांनी स्वतःच्या पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहिली. राल्फ वॉल्डो इमर्सन यांनी २१ जुलै १८५५ रोजी पाठवलेले कौतुकाचे खाजगी पत्र लेखकाच्या अनुमतीवाचून ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापले गेले आणि १८५६च्या आवृत्तीच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर त्यातील वाक्य सोनेरी अक्षरांत झळकले.

या दोन कृती सरसकट एकाच मापाने मोजल्या जातात. त्या भिन्न आहेत. इमर्सन यांचे पत्र खरे होते, मत त्यांचेच होते. व्हिटमन यांनी भंग केला तो खाजगीपणाचा. निनावी परीक्षणांत मात्र वाचकाला तटस्थ साक्ष म्हणून जी मिळाली ती वस्तुतः पक्षकाराची साक्ष होती. गंमत अशी की व्हिटमन यांच्या काव्यातील ‘मी’ इतका उघड व विस्तीर्ण आहे की स्वतःचे गुणगान करण्यास त्यांना वेषाची गरज नव्हती. काव्यात जे फख्र किंवा तअल्लीच्या कुळातले ठरते, तेच वृत्तपत्रात निनावी छापले की न्याय्य आचाराचा भंग ठरते. १८५६ मध्येच ‘न्यूयॉर्क डेली टाइम्स’मधील परीक्षणाने पुस्तकाची प्रस्तावना आणि ती परीक्षणे ताडून पाहिली व हे कर्तृत्व उघडे केले. शैली हीच येथे नाममुद्रा ठरली.

दोष प्रशंसेत नसून लपवण्यात आहे, याचा स्वच्छ पुरावा अँथनी बर्जेस यांच्या प्रकरणात मिळतो. १९६३ मध्ये त्यांची ‘इनसाइड मिस्टर एंडरबी’ ही कादंबरी जोसेफ केल या टोपणनावाने आली. ‘यॉर्कशायर पोस्ट’ या वृत्तपत्राने ती परीक्षणासाठी त्यांच्याकडेच पाठवली. संपादकाने हा विनोद केला असावा, अशा समजुतीने त्यांनी परीक्षण लिहिले. त्यात स्तुती नव्हती, उलट पुस्तकातील घाणेरडेपणाविषयी वाचकांना इशारा होता. तरीही खरा प्रकार कळल्यावर त्यांना परीक्षकपद गमवावे लागले. लेखक स्वतःची निंदा करीत असला तरी परीक्षकाची जागा त्याची नव्हे, हा त्या निर्णयाचा अर्थ आहे.

४. मत्सरी भावक

आंतरजालावरील परीक्षणांनी या जुन्या प्रश्नात नवे काय आणले? एक म्हणजे संख्या. पूर्वी निनावी परीक्षण छापण्यासाठी निदान एका संपादकाला विश्वासात घ्यावे लागे. आता कोणीही कितीही नावांनी मत नोंदवू शकतो. फेब्रुवारी २००४ मध्ये ॲमेझॉनच्या कॅनडातील संकेतस्थळावर तांत्रिक बिघाडामुळे अनामिक परीक्षकांची नावे उघड झाली, तेव्हा काही लेखकांनी स्वतःच्याच पुस्तकांना वाखाणल्याचे दिसून आले.

दुसरे म्हणजे आत्मप्रशंसेला परनिंदेची जोड मिळाली. २०१० मध्ये इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी ॲमेझॉनवर टोपणनावाने स्वतःच्या पुस्तकाची स्तुती आणि रेचल पोलोन्स्की, रॉबर्ट सर्व्हिस यांच्या पुस्तकांची निंदा केल्याचे प्रकरण गाजले. प्रथम नाकारल्यावर त्यांनी ते मान्य केले, क्षमा मागितली व नुकसानभरपाई दिली. २०१२ मध्ये रहस्यकथाकार आर. जे. एलरी यांनी अशाच कृत्याबद्दल क्षमा मागितली आणि त्याच सुमारास अनेक लेखकांनी एका जाहीर पत्राद्वारे या प्रकारांचा निषेध केला. खऱ्या वाचकांनी मोकळेपणाने बोलावे, हाच अशा व्यवहारावरचा उपाय आहे, अशी त्यांची भूमिका होती.

राजशेखराने भावकांचे चार प्रकार केले आहेत. ‘अरोचकी’ला काहीच रुचत नाही, ‘सतृणाभ्यवहारी’ गवतासकट सारे गिळतो, ‘मत्सरी’ला दिसलेला गुणही दिसत नाही, आणि ‘तत्त्वाभिनिवेशी’ हजारांत एखादाच. राजशेखराचा मत्सरी दुसऱ्याच्या गुणांविषयी मौन पाळतो; आजचा मत्सरी बोलतो, तेही अनेक तोंडांनी. मात्र दोघांचे कारण एकच आहे. कवी हा कवीचा स्पर्धक असतो, आणि म्हणून समव्यवसायी परीक्षक पूर्णतः उदासीन असू शकत नाही. लेखकांच्या समूहाची ही मूळची अडचण आहे. तेथे ज्यांना सर्वाधिक समजते त्यांचेच हितसंबंध सर्वाधिक गुंतलेले असतात.

५. भीड आणि देवाणघेवाण

वेशांतर उघडकीला येऊ शकते. त्याहून सूक्ष्म आणि अधिक व्यापक असा एक प्रकार आहे, ज्यात कोणी काही लपवत नाही आणि तरीही उदासीन नाहीसा होतो. तो म्हणजे अभिप्रायांची देवाणघेवाण. तू माझे वाच, मी तुझे वाचतो, या तत्त्वावर लेखकसमूह चालतात. नवख्यांना वाचक मिळण्याचा तोच मार्ग असतो. प्रारंभी हा न्याय्य श्रमविनिमय असतो. लवकरच वाचनाच्या बदल्यात वाचन याऐवजी स्तुतीच्या बदल्यात स्तुती असे त्याचे रूप होते. उंटाच्या लग्नात गाढवांनी गावे आणि एकाने रूप, दुसऱ्याने स्वर वाखाणावा, हा जुना सुभाषितकारांचा उपहास याच व्यवहारावर आहे.

मराठीत या व्यवहाराच्या मुळाशी असलेल्या भावनेला ‘भीड’ असा नेमका शब्द आहे. भीड म्हणजे भीती नव्हे आणि आदरही नव्हे. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून स्वतःचे मत गिळणे. नव्या कवीच्या संग्रहाला ज्येष्ठाने प्रस्तावना लिहिण्याची मराठी प्रथा ही भिडेची संस्थाच होती. ती सर्वस्वी निंद्य म्हणता येत नाही, कारण प्रस्तावनाकाराचे नाव खाली असते आणि अनुभवी वाचक तिचा योग्य तो वर्तावळा कापतो. ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहात केशवकुमार म्हणजे प्र. के. अत्रे यांनी रविकिरण मंडळाच्या काळातील कवितेबरोबरच कवींच्या मिरवण्याचीही टर उडवली, हे येथे आठवावे. समूहातील परस्परस्तुतीला बाहेरून मिळालेले ते उत्तर होते. समूहाला आतून जे बोलता येत नाही, ते विडंबनकार बोलतो. भीड मोडणे हे त्याचे वाङ्मयीन कार्य आहे.

राजशेखर मात्र या बाबतीत व्यवहारी आहे. स्वतःला कवी समजणाऱ्या ‘कविमानी’ माणसाला त्याच्या कलाने घेऊन खूश ठेवावे, असे तो सुचवतो. अशा माणसापुढे चांगले वचनही अरण्यरुदन ठरते, हे त्याचे कारण. येथे त्याच्या आचारसंहितेची मर्यादा दिसते. एकट्या कवीला शांततेसाठी हा सल्ला उपयोगी आहे. संपूर्ण समूहाने तो पाळला तर सारेच सतृणाभ्यवहारी होतील आणि अभिप्राय या शब्दाला अर्थ उरणार नाही. सभ्यता आणि न्याय्यता यांत येथे विरोध निर्माण होतो. समूहाचे नियम बहुधा सभ्यतेचे रक्षण करतात, कारण उद्धटपणा दिसतो. भिडेने झालेली हानी दिसत नाही.

६. उदासीन कोण?

आतापर्यंतच्या विवेचनात उदासीन परीक्षकाचे अस्तित्व गृहीत धरले आहे. ते गृहीतकच तपासणे अगत्याचे आहे. राजशेखराने वर्णिलेल्या कविसभेत उत्तरेला संस्कृत कवी बसतात, पूर्वेला प्राकृत कवी, पश्चिमेला अपभ्रंश कवी आणि दक्षिणेला पैशाची भाषेतील कवी. अपभ्रंश कवींच्या मागे चित्रकार, सोनार, सुतार, लोहार यांच्या जागा आहेत. स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याचा असतो, असे तो स्पष्ट म्हणतो आणि पत्नी अवंतीसुंदरीची मते ग्रंथात उद्धृत करतो, हे त्याच्या मोकळेपणाचे लक्षण आहे. तथापि सभेची आखणी भाषांची व व्यवसायांची उतरंड मानूनच झालेली आहे. ज्यांना या सभेत जागाच नाही, त्यांच्या काव्याची परीक्षा कोण करणार?

मराठी वाङ्मयेतिहासात या प्रश्नाला दोन संस्मरणीय उत्तरे मिळाली. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून कोरडी वर आली, ही परंपरेने जपलेली कथा या दृष्टीने वाचता येते. धर्मसभा जेव्हा पक्षपाती ठरते, तेव्हा लोकस्मृती नदीलाच उदासीन परीक्षक करते. दुसरे उत्तर जोतीराव फुले यांचे आहे. १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता त्यांनी पत्राद्वारे ते नाकारले. जे लोक सर्वांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपल्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. तटस्थ म्हणवणारी सभा तटस्थ नाही, हे त्यांनी त्या सभेलाच ऐकवले.

याचा परिणाम आत्मप्रसिद्धीच्या विचारावर होतो. ज्याला सभेत जागा आहे त्याने स्वतःचा डंका वाजवणे आणि ज्याला जागाच नाकारली आहे त्याने स्वतः छापून, स्वतः वाटून, स्वतःविषयी बोलणे, यांना एकच नियम लावणे न्याय्य नाही. साठोत्तरी अनियतकालिकांनी स्वतःची पत्रे स्वतःच काढली आणि दलित साहित्याला ‘अस्मितादर्श’सारखे स्वतःचे व्यासपीठ उभारावे लागले. प्रस्थापित अर्थाने ही आत्मप्रसिद्धीच होती. वस्तुतः ती नव्या भावकांची निर्मिती होती. व्हिटमन यांनी स्वखर्चाने पुस्तक छापले, हेही याच कोटीतले आहे. मात्र या सवलतीला एक सीमा आहे. फुले यांनी आपले म्हणणे स्वतःच्या नावाने सांगितले. वंचिताला मोठ्याने बोलण्याचा अधिकार आहे, वेळप्रसंगी जिवाच्या वा अब्रूच्या भयाने नाव लपवण्याचाही आहे. दुसऱ्याचा आवाज काढून स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचा अधिकार त्यातून निघत नाही.

७. समारोप

अलीकडे या क्षेत्रात कायद्याचा प्रवेश झाला आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-परीक्षणांसाठी ‘आयएस १९०००:२०२२’ हे ऐच्छिक स्वरूपाचे मानक जाहीर केले. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये बनावट परीक्षणांना मनाई करणारा नियम केला आणि तो त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरपासून अमलात आला. हे नियम ग्राहकाच्या फसवणुकीचा विचार करतात. त्यांच्या दृष्टीने पुस्तक हा विक्रीचा माल आहे. ते आवश्यक असले तरी पुरेसे नाहीत. पुस्तकाचे मोल चुकीचे सांगितल्याने वाचकाचे काही रुपये जातात, ही हानी लहान आहे. लेखकाच्या हातून कसोटीचा दगड जातो, ही मोठी हानी आहे. कारण ज्याला प्रामाणिक नकार कधी मिळाला नाही, त्याच्या कवीपणाची वाढ त्याच पायरीवर थांबते. समूहात असत्य अभिप्रायांचा सुकाळ झाला की खरा अभिप्रायही संशयास्पद होतो आणि अन्यापदेशीने वेष घेतला तरी त्याला ऐकणारा उदासीन सापडत नाही.

या विवेचनातून लेखकसमूहांच्या आचारासाठी तीन निकष हाती येतात. बोलणारा आपला संबंध उघड करतो काय. त्याच्या कृतीने तटस्थ वाचकाची जागा वाढते की आक्रसते. आणि ती जागा सभेतील सर्वांना सारखी खुली आहे काय. पहिल्या निकषावर राजशेखराची गर्वोक्ती निर्दोष ठरते आणि व्हिटमन यांची निनावी परीक्षणे सदोष ठरतात. दुसऱ्या निकषावर अन्यापदेशीचे असत्य क्षम्य ठरते आणि भिडेचे प्रामाणिक दिसणारे कौतुक अपुरे ठरते. तिसऱ्या निकषावर मात्र राजशेखराची सभाच परीक्षेला उभी राहते. आत्मप्रसिद्धीवर निर्बंध घालणाऱ्या समूहाने पहिले दोन निकष सहसा मान्य केलेले असतात. त्याच्या न्याय्यतेची खरी कसोटी तिसऱ्यावर लागते. जो समूह स्वतःच्या सभेतील रिकाम्या जागांचा हिशेब देऊ शकत नाही, त्याला सभेबाहेरच्या माणसाचा चढलेला आवाज उद्धट ठरवण्याचा अधिकार उरत नाही.